काकांचा कॉम्प्युटर, विंडोज १० आणि ३४० ओव्या

प्रकरण घरातलंच आहे, म्हणून नावं गाळली आहेत. मावशी आणि काका सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात, एवढं पुरे. मी पुण्यात एका कंपनीच्या आयटी सपोर्टमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांचे लॅपटॉप नव्या सिस्टिमवर चढवणं हेच माझं काम. त्यामुळे काकांचा एक कॉम्प्युटर म्हणजे शनिवार दुपारचं काम, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दसऱ्याला सुरू झालेलं काम संक्रांत उलटून गेल्यावर कुठे हाताखालून गेलं.

पार्श्वभूमी

काका एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत हेडक्लार्क होते, २००९ साली निवृत्त झाले. मराठी टायपिंग त्यांनी तरुणपणी टाइपरायटरवर शिकलेलं, आणि अजून त्यांची बोटं कळांकडे न बघता चालतात. आता ते आपल्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचे सचिव आहेत. नोटिसा, इतिवृत्तं, पाणीपट्टीवरून नगरपालिकेला पत्रं, सगळं तेच टाइप करतात.

कॉम्प्युटर २०१४ च्या दिवाळीत गावातूनच असेंबल करून घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज ७ होतं. २०१६ च्या जुलैपर्यंत विंडोज १० फुकट मिळत होतं तेव्हा कुणीतरी ते चढवून दिलं. विंडोज ७ हे ३२ बिटचं, म्हणजे जुन्या घडणीचं होतं (नवी विंडोज ६४ बिटची असतात), म्हणून १० सुद्धा ३२ बिटचंच आलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती. मी मात्र ती माहितीच्या खिडकीत वाचली आणि सोडून दिली.

अडचण

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवायचं जाहीर केलं होतं. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता, पण सुरक्षेची दुरुस्ती महिन्याच्या महिन्याला येणं थांबणार होतं. काका याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करतात, सोसायटीचं खातंही बघतात. तेव्हा दुर्लक्ष करून चालण्यासारखं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पडद्यावर तशी सूचना यायला लागली. काका गावातल्या दुकानात गेले. दुकानदाराने मशीन न उघडताच सांगितलं, ‘‘काका, हा गेला आता. नवीन घ्या. अडतीस हजारात बसवून देतो.’’ काकांनी त्या रात्री मला फोन केला.

‘‘अगं, हा चांगला चालतोय की. दोन मिनिटं जास्त घेतो उघडायला, तेवढ्यात मी तोंड धुऊन येतो. अडतीस हजार कशाला घालवू?’’

मी नेहमीचा प्रश्न विचारला : ‘‘काका, तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय करता?’’

‘‘मी काय करतो? मेल बघतो, बँक, फोटो. आणि टायपिंग.’’

मी वहीत चार शब्द लिहिले. या चारही गोष्टी कुठल्याही सिस्टिमवर होतात, तेव्हा काम सोपं आहे, असं मनात ठरवूनही टाकलं. या प्रकरणातला माझा सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हे मला तेव्हा कळलंही नाही. आम्ही सपोर्टवाले माणसाला विचारतो आणि त्याचं उत्तर यादी म्हणून घेतो. पण चाळीस वर्षं टायपिंग करणाऱ्याला ‘टायपिंग’ या एका शब्दात किती सामान भरलंय हे वेगळं सांगावंसं वाटत नाही. आपण ‘स्वयंपाक करते’ म्हणतो तेव्हा मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुठे मोजून दाखवतो?

समोर असलेले पर्याय

आहे तसंच चालू ठेवणं बँकेमुळे बाद झालं.

दुसरा पर्याय होता एक वर्षाची वाढीव मुदत. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती. त्यासाठी तीस डॉलर भरायचे, नाहीतर कॉम्प्युटरची सेटिंगं त्यांच्या क्लाउडवर ठेवायला परवानगी द्यायची, म्हणजे पैसे लागत नाहीत. नोंदणीला मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. काकांचं असं खातं नव्हतं आणि आणखी एका पासवर्डची त्यांची तयारी नव्हती. मी म्हटलं, वर्षाने पुन्हा हेच करायचं, तर आत्ताच का नको? घाईला मी दूरदृष्टी समजले.

तिसरा विंडोज ११. त्याला सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० ही व्यवस्था लागते, मशीन चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपला चौथ्या पिढीचा. या अटींना बगल देऊन ते बसवायच्या युक्त्या आहेत आणि कंपनीतल्या जुन्या मशीनवर मी त्या करून बघितल्या आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मी पुण्यात आणि मशीन सांगली जिल्ह्यात, असं असताना हा खेळ नको वाटला. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. ३२ बिटच्या विंडोजवरून त्यावर सरळ चढता येत नाही, सगळं पुसून नव्याने बसवावं लागतं.

चौथा, मशीनच बदलणं. नवीन अडतीस हजारांचं, किंवा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं आठव्या पिढीचं, पुण्यात पंधरा-अठरा हजारांना मिळणारं. मला हा दुसरा बरा वाटत होता. काकांनी एका वाक्यात निकाल लावला : ‘‘माझं आहे ते बिघडलेलं नाही.’’

पाचवा, विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही वेगळी सिस्टिम. २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, पैसे लागत नाहीत, आणि त्याची हलकी आवृत्ती या मशीनवर आरामात चालते. जोडीला हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आणि आणखी ४ जीबी रॅम. दोन्ही मिळून २,६०० रुपये. हा ठरला.

काय केलं

एक गोष्ट मात्र बरोबर जमली, आणि तिचं श्रेय काकांचं. मी सप्टेंबरच्या मध्यावर जाणार होते. काकांनी साफ नकार दिला. सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी नोटिसा, अहवाल, हिशेबपत्रकं. ‘‘सभा होईपर्यंत माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही.’’ चालू हंगामात यंत्र उघडू नये हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते, आणि घरी विसरले होते.

मी दसऱ्याला पोचले. २ ऑक्टोबर, गुरुवार, पुढे शुक्रवारची रजा टाकून चार दिवस हातात. आदल्या दिवशी खंडेनवमीला काकांनी कॉम्प्युटरची पूजा केलेली. कॅबिनेटवर हळदकुंकवाची बोटं, आणि पंख्याच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकून थरथरत होती. शुक्रवारी सकाळी कॅबिनेट उघडलं तर आत अकरा वर्षांची धूळ, आणि तळाशी वाळलेल्या पाकळ्यांचा थर. दर वर्षीच्या पूजेचा हिशेबच. चिमटा आणि रंगाचा ब्रश घेऊन अर्धा तास तेच काम.

मग बॅकअप. ८६ जीबी माल बाहेरच्या डिस्कवर टाकायला लावला. अर्ध्यात लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच बसलेली. ती फक्त शोभेला टेबलाखाली होती. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला पुरतं झालं, तेव्हा नियमाप्रमाणे मी बॅकअपमधल्या दहा फाइली उघडून बघितल्या. दहाच्या दहा नीट उघडल्या.

नीट उघडल्या, कारण मी त्या काकांच्याच जुन्या मशीनवर उघडल्या होत्या.

हे तेव्हा खटकलं नाही. बॅकअप तपासायचा तर तो ज्या जागी वापरायचा आहे त्या जागी उघडून बघायला हवा. ज्या मशीनमध्ये सगळी सामग्री आधीच भरलेली आहे तिथे काहीही उघडेल. माहेरच्या स्वयंपाकघरात सगळंच जमतं.

त्यानंतर पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघितलं. त्यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही. वायफाय लागलं, आवाज आला, व्हिडिओ चालला. लेझर प्रिंटरने जरा त्रास दिला. चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडून स्वतःची आज्ञावली मागून घेणाऱ्या जातीचा होता तो. पण कंपनीचं जादा प्लगइन टाकल्यावर चाचणीचं पान निघालं, इंग्रजीत. काका तेव्हा दुपारचे आडवे झाले होते आणि खुर्चीत मी बसले होते. म्हणजे चाचणी माझ्या कामांची झाली, काकांच्या नाही.

जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही, तिची वायर काढून ठेवायची आणि मिंट फक्त नव्या एसएसडीवर बसवायचं, एवढं मी पाळलं. संध्याकाळी मशीन पस्तीस सेकंदांत उघडलं. आधी चार मिनिटं लागायची. मावशी बघायला आली आणि म्हणाली, ‘‘आता ह्यांना तोंड धुवायला वेळ मिळायचा नाही.’’

खरी अडचण

शनिवारी सकाळी काका खुर्चीत बसले आणि त्यांनी ‘आई’ नावाचं फोल्डर उघडलं. पहिली फाइल. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याची खूण, आकडे. एक ओळ, दुसरी ओळ, तेच. काका काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

त्या फोल्डरमध्ये त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी गेल्या २०१२ मध्ये. त्याआधी काकांनी त्यांच्याकडून गाऊन घेऊन चार कॅसेटी भरल्या होत्या, आणि पुढे अकरा वर्षं सवडीने ऐकून टाइप केल्या. ३४० ओव्या. ‘टायपिंग’ या शब्दात हेही होतं.

घडलं होतं ते असं. काका २०११ पासून मराठीचं एक जुनं सॉफ्टवेअर वापरतात, यूएसबीचं लॉक (पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावल्यावर चालणारं. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, नाही. अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजीचेच संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटे गळून पडतात. मजकूर हरवला नव्हता, पण वाचता येत नव्हता. काकांच्या दृष्टीने दोन्ही एकच.

फॉन्टच्या फाइली जुन्या डिस्कवरून आणून मिंटमध्ये टाकल्या, तेव्हा ओव्या परत दिसल्या. काकांचा श्वास खाली बसला. पण वाचता येणं वेगळं आणि टाइप करता येणं वेगळं. टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, त्याच्या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखायला लावणारा प्रोग्राम, ३२ बिटचा. म्हणजे नवं मशीन घेऊन विंडोज ११ टाकलं असतं तरी तो ड्रायव्हर चालला नसता, कारण ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे ड्रायव्हर घेतच नाही. अडतीस हजार खर्चून आम्ही याच जागी येऊन उभे राहिलो असतो. फरक एवढाच की तेव्हा जुनी डिस्क दुकानदाराकडे राहिली असती.

मिंटमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कीबोर्ड आराखडा आहे, ध्वनीवर चालणारा आराखडाही आहे. टाइपरायटरच्या जवळचा एक आराखडा मी शोधून लावला. काकांनी एक नोटीस टाइप करायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला थांबले. चार-पाच अक्षरं दुसऱ्याच कळांवर. शिवाय टाइपरायटरवर शिकलेला माणूस पहिली वेलांटी आधी मारतो आणि अक्षर नंतर, कागदावर दिसतं त्या क्रमाने. अर्ध्या अक्षराला काना जोडून पुरं अक्षर करतो. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवतात. इनस्क्रिप्ट त्याच क्रमाने चालतो.

‘‘काका, महिनाभरात हात बसेल.’’

‘‘अगं, पंचाहत्तरी जवळ आली. महिनाभरात हात बसेल, पण आत्ता बसलेला आहे तो उठवू कशाला?’’

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्यांदा मांडलेले पर्याय

जुनी डिस्क परत लावून सगळं होतं तसं करायचं, हा सगळ्यात सोपा मार्ग. डिस्क जपून ठेवल्यामुळे तो दहा मिनिटांच्या अंतरावर होता. पण बँकेचा प्रश्न तिथेच राहिला असता.

मिंटच्या आत आभासी मशीन (खिडकीत चालणारा नकली कॉम्प्युटर) करून त्यात जुनं विंडोज चालवायचं, हे मी शनिवारी दुपारी करून बघितलं. चाललं, पण या प्रोसेसरवर रडतखडत, आणि यूएसबीचं लॉक आतल्या विंडोजला दर वेळी हाताने जोडून द्यावं लागत होतं. चार वेळा पायऱ्या लिहून दिल्या आणि पाचव्यांदा मीच चुकले. सोडून दिलं.

शेवटी जे केलं ते तंत्राच्या दृष्टीने देखणं नाही. जुनी डिस्क परत जोडली. मशीन चालू करताना दोन नावांची यादी येते. एक मिंट : बँक, मेल, व्हिडिओ कॉल, फोटो. दुसरं जुनं विंडोज : फक्त टायपिंग. त्या विंडोजमध्ये वायफाय आणि नेटवर्क कार्ड दोन्ही बंद करून टाकली. जगाशी संबंध नाही म्हटल्यावर त्याला अपडेट न मिळण्याचा धोकाही खूप कमी होतो. पुरता जात नाही, कारण पेनड्राइव्हमधून काहीही येऊ शकतं. म्हणून पाहुण्यांचा पेनड्राइव्ह लागला तर मिंटमध्येच लावायचा, असा घरात कायदा झाला. काकांनी दोघांना नावं ठेवली : ‘ओटी’ आणि ‘माजघर’. बाहेरच्याने ओटीवरच बसायचं.

फाइली दोन्हीकडून दिसाव्यात म्हणून जुन्या डिस्कवरचा दुसरा भाग सामाईक ठेवला. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागलं. ते चालू असताना विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून वाचलो.

घड्याळाचं मात्र लक्षात आलं नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स ती जागतिक समजतं आणि तशीच लिहून ठेवतं. त्यामुळे मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. इंटरनेट असतं तर विंडोजने वेळ सुधारून घेतली असती, पण ते आम्हीच तोडलेलं. काका पहाटे पाचला उठून टाइप करतात. पहाटेचे पाच म्हणजे विंडोजच्या लेखी आदल्या रात्रीचे साडेअकरा. टाकी साफ करायच्या नोटिशीवर तारीख आपोआप पडली ती आदल्या दिवसाची. सोसायटीतल्या एका सभासदाने, ज्यांचा काकांशी पार्किंगवरून जुना वाद आहे, नोटीस मागची तारीख घालून लावल्याचा लेखी अर्ज केला. घड्याळ दुरुस्त करायला मिंटमध्ये एका ओळीची आज्ञा लागली, मी फोनवरून सांगितली. अर्जाला उत्तर द्यायला काकांना दीड पान लागलं.

ओव्या युनिकोडमध्ये आणताना

माजघर किती दिवस टिकेल हे डिस्कच्या तब्येतीवर आहे. अकरा वर्षांची डिस्क आहे. त्यामुळे निदान ओव्या तरी युनिकोडमध्ये आणून ठेवायच्या, असं आमचं ठरलं. इंटरनेटवर मिळालेल्या एका रूपांतरकातून मी ३४० च्या ३४० ओव्या एका रात्रीत काढल्या आणि काकांना पाठवल्या. दोन दिवसांनी फोन.

‘‘हे सासर्‍याच्या नाही गं, सा-सर्-याच्या झालंय. नवऱ्याचं नवर्याचं झालंय. आणि दुसऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे रफार चढलाय.’’

रूपांतरकाने ‘ऱ्य’ मधला अर्धा र आणि ‘र्य’ मधला रफार एकच धरला होता. हिंदीच्या डोळ्याने बघितलं तर हे चुकल्यासारखं दिसतही नाही. मराठी माणसाला ‘नवर्या’ वाचताना खडा लागतो, आणि जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरा, नवरा आणि वारा तर पावलोपावली.

मी काय केलं? ‘र्य’ शोधा, त्याजागी ‘ऱ्य’ घाला. एका झटक्यात सगळीकडे. पुन्हा पाठवलं. पुन्हा फोन.

‘‘आता सूऱ्य उगवला.’’

ओव्यांबरोबर मी सोसायटीची काही पत्रंही त्याच फेरीत काढली होती. त्यात ‘काऱ्यालय’ आणि ‘काऱ्यकारिणी’ झालेली. काका चिडले नव्हते, त्यांना मजा वाटत होती. मग ते जे बोलले ते मला आधी सुचायला हवं होतं.

‘‘मी दोन्ही एका कळेने मारतच नाही. नवऱ्यामधला र आधी मारतो, त्याची कळ वेगळी. सूर्यावरचा रफार य मारल्यावर मारतो. माझ्या फाइलीत ते वेगळंच आहे. तुझं यंत्र दोघांना एकत्र का करतंय?’’

मूळ फाइलीत फरक शाबूत होता. तो हरवत होता रूपांतराच्या कोष्टकात, आणि मी मात्र हरवलेल्या मालातून तो परत शोधत बसले होते. जुन्या फॉन्टमधल्या संकेतांचं कोष्टक काकांनी मला फोनवर कळ-कळ सांगून पुरं करून दिलं. मी त्यावर छोटासा प्रोग्राम लिहिला. तिसऱ्या खेपेला ‘नवऱ्या’ आणि ‘सूर्य’ दोघे आपापल्या जागी आले.

आणखी एक तक्रार राहिली : ‘‘हा ल हिंदी आहे.’’ खरंच होता. मिंटने जो फॉन्ट निवडला होता त्यात ल दांडीचा आणि श गाठीचा होता, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श नाही. लिब्रेऑफिस या मिंटमधल्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा हिंदीची मराठी केली आणि मराठी वळण जाणणारा फॉन्ट दिला, तेव्हा अक्षरं वळली. संकेत तेच, वळण वेगळं. काकांनी तेवढ्यासाठी पहिल्या दहा ओव्या पुन्हा छापून घेतल्या.

निकाल

जानेवारी संपेपर्यंत ३४० पैकी ३४० ओव्या युनिकोडमध्ये आल्या आणि काकांनी लाल पेनने तपासल्या. तीन प्रती : एसएसडीवर, बाहेरच्या डिस्कवर, आणि माझ्याकडे पुण्यात. बँक आणि मेल ओटीवर, बिनतक्रार. मावशी त्यावरच नातीशी बोलते, मशीन लवकर उघडतं म्हणून आता तीच जास्त वेळ बसते. खर्च २,६०० आणि यूपीएसच्या बॅटरीचे वेगळे.

सगळं काही जमलेलं नाही. काका अजून दिवसातून दोनदा मशीन बंद-चालू करून ओटीवरून माजघरात जातात. इनस्क्रिप्ट त्यांनी शिकायला घेतलेलं नाही, आणि मीही पुन्हा विषय काढलेला नाही.

आता वेगळं काय करीन

फोनवर यादी विचारणार नाही. एक पुरा दिवस खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसेन आणि माणूस काय उघडतो ते बघेन. नुसतं ‘आई’ हे फोल्डर एकदा नजरेला पडलं असतं तरी निम्मं प्रकरण वाचलं असतं.

चाचणीच्या वेळी खुर्चीत ज्याचं मशीन तोच बसेल. मग दुपारची झोप संपेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

वाढीव मुदत घेता येते का ते आधी बघेन. तेव्हा मी ती एक वर्षाची टाळाटाळ समजले होते. खरं तर ओव्यांचं रूपांतर निवांत करायला तेवढाच वेळ हवा होता, आणि माझ्या घाईपायी काकांना चार महिने दोन घरांत नांदावं लागलं.

जुनी डिस्क न पुसणं मात्र तसंच ठेवीन. बाकीच्या सगळ्या चुका तिच्यामुळे दुरुस्त करता आल्या.

सोसायटीची ६१२ पत्रं अजून जुन्या फॉन्टमध्येच आहेत. तीही घेऊ का, असं मी परवा विचारलं. काका म्हणाले, ‘‘इतिवृत्तं तेवढी कर. २०१३ ची टाकीची नोटीस कोण वाचणार आहे?’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘पार्किंगचा पत्रव्यवहार मात्र आधी घे.’’